दार उघडं ठेवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
शि. सा. न.

गेल्या आठवड्यात आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. विषय होता, आघातातून गेलेल्या मुलांना कसं शिकवावं. मी वहीत काहीच उतरवून घेतलं नाही. १९९३ च्या भूकंपानंतर, दिवाळी झाल्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही हेच करत होतात. तुमची बदली झाली, पत्ता राहिला नाही, म्हणून हे उघडं पत्र.

३० सप्टेंबर, पहाटे चाराला चार मिनिटं कमी. आदल्या रात्री गणपती बुडवून सगळे दमून झोपलेले. किल्लारीकडची आमची घरं दगडमातीची, वर मातीचं जाड माळवद. आई आणि धाकटी बहीण त्याखाली गेल्या. एवढंच लिहितो.

शेडमधल्या पहिल्या दिवशी तुम्ही जुना हजेरीपट उघडलाच नाही. कोऱ्या कागदावर समोर बसलेल्यांची नावं लिहिलीत. जुन्यातल्या किती नावांना 'हजर' आलं नसतं, हे मला स्वतः मास्तर झाल्यावर उमगलं.

रस्त्यावरून ट्रक गेला की पत्रे थरथरायचे आणि आम्ही बाहेर धूम ठोकायचो. तुम्ही ओरडला नाहीत कधी. आमच्यासोबत बाहेर उभ्या राहायचात, आम्ही आपणहून आत शिरेपर्यंत. मला दाराजवळ बसवलंत आणि दार लोटायचं नाही असा नियमच केलात. फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाचा क्रम असायचा: प्रार्थना, पाढे, गोष्ट, सुट्टी, गणित. उद्या बदल असेल तर आजच सांगायचात. झोपेत घर कोसळलेल्या पोरांना 'सुट्टीनंतर गणित' एवढी खात्रीसुद्धा मोठी होती.

पाहुणे यायचे, "बाळा, कसं झालं ते सांग" म्हणायचे. "आमचे पाढे चाललेत," म्हणून तुम्ही त्यांना दारातूनच वाटेला लावायचात. मुलाला बोलतं करायची जबरदस्ती नको, हे आता प्रशिक्षणात सांगतात.

पुढे दुसऱ्या शाळेत डुलकी लागली म्हणून एका गुरुजींनी कान पिळला. महिनाभर मी शाळेकडे फिरकलो नाही. तुमच्या वर्गात तर मी रोजच झोपायचो. रात्री डोळा लागायचा नाही, तुमच्यासमोर लागायचा. तुम्ही फक्त आवाज उतरवायचात. (सातचा पाढा माझा अजून कच्चा आहे, तो त्यामुळेच.)

यंदा माझ्या वर्गात एक मुलगी आहे. वडील गेल्यापासून बोलत नव्हती. तिला दाराजवळ बसवलंय. परवा हळूच म्हणाली, "सर, सुट्टीनंतर काय आहे?" त्या दिवशी मी फळ्यावर क्रम लिहायचा विसरलो होतो.

तुमचा विद्यार्थी