सेप्टिक टँक भरलेली नाहीये, लाइन तुंबलीय : चेअरमन काकांना पत्र

मा. चेअरमन काका,
स. न. वि. वि.

ग्रुपवर लिहिलं की दोन मिनिटांत पार्किंगचा विषय सुरू होतो, म्हणून सरळ पत्रच लिहितेय. आमच्या तळमजल्याच्या बाथरूममधून परत पाणी वर येतंय. वर कोणाच्या मशीनचं पाणी सुटलं की आमच्या नहाणीच्या जाळीतून आधी गुडगुड आवाज, मग साबणाचा फेस आणि मग ते काळपट घाण पाणी, आणि परवा तर सासूबाई आंघोळीला बसलेल्या असतानाच आलं, त्यांना गुडघ्यामुळे पटकन उठता येत नाही, तशाच पाय वर घेऊन बसून राहिल्या बिचाऱ्या. काका, हे असं चालणार नाही.

दर वेळी आपण काय करतो, तर टँक उपसायची गाडी बोलावतो. टँक भरली, गाडी बोलवा, पैसे द्या, आठवडाभर बरं वाटतं, परत तेच. माझं म्हणणं एवढंच आहे की टँक हा आपला प्रॉब्लेमच नाहीये. सेप्टिक टँक ही कायम भरलेलीच असते, आउटलेटच्या, म्हणजे पाणी बाहेर जायच्या, पाइपापर्यंत पाणी असणं हीच तिची नॉर्मल स्थिती. आपल्याकडे सोळा फ्लॅट, साधारण सत्तर माणसं, माणशी रोजचं 135 लिटर धरलं तरी नऊ-साडेनऊ हजार लिटर पाणी रोज खाली जातं, संडास-बाथरूमची लाइन एकच आहे आपली. म्हणजे वीस हजार लिटरची टँक पूर्ण उपसली तरी दोन-अडीच दिवसांत ती परत काठोकाठ होणारच. झाकण उघडून पाणी दिसलं म्हणून "भरली" म्हणायचं याला काही अर्थ नाही, बघायचा असतो तो तळातला गाळ आणि वर तरंगणारी घाणीची साय. लांब बांबूला जुना पांढरा टॉवेल गुंडाळून तळापर्यंत सोडायचा, जरा वेळ ठेवून काढायचा, जिथपर्यंत काळा झाला तिथपर्यंत गाळ. तो खूप वाढला असेल तरच गाडी, नाहीतर दोन-तीन वर्षांतून एकदा पुरते, आणि तेव्हाही थोडा जुना गाळ आत ठेवायचा असतो कारण मैला कुजवणारे जिवाणू त्यातच असतात.

मग गाडी येऊन गेल्यावर बरं का वाटतं? कारण गाडीवाला जाता जाता चेंबरमध्ये, म्हणजे लाइन तपासायला मध्ये मध्ये ठेवलेल्या झाकणाच्या खड्ड्यांमध्ये, पण पाइप टाकतो आणि तिथे साचलेलं ओढून घेतो.

रविवारी प्लंबर आला तेव्हा सेक्रेटरी पण होते, त्यांनाही विचारा. एकेक करून सगळी चेंबर उघडली. बी विंगच्या मागचं पहिलं भरलेलं. बदामाच्या झाडाखालचं दुसरं तर गळ्यापर्यंत, वर तेलाचा पांढरट थर आणि त्यात चहाचा चोथा अडकलेला. आणि टँकच्या अलीकडचं शेवटचं चेंबर जवळजवळ कोरडं! तळाचा चॅनेल दिसत होता, झुरळं पळत होती, पाण्याची फक्त करंगळीएवढी धार. आमच्या संडासात बादलीभर नीळ ओतून बघितली, दुसऱ्या चेंबरमध्ये निळं पाणी लगेच आलं, शेवटच्यात बराच वेळ काहीच नाही. टँक किंवा आउटलेट तुंबलं असतं तर शेवटचं चेंबर आधी भरलं असतं ना? म्हणजे अडथळा या दोघांच्या मध्ये आहे. यापेक्षा सरळ पुरावा काय हवा.

आता मुख्य गोष्ट. त्या दोन चेंबरमध्ये चाळीसेक फुटांचं अंतर आहे आणि लाइन तिथे वळते, अशा ठिकाणी मध्ये एक चेंबर असायलाच पाहिजे. ए विंगच्या आजोबांना पक्कं आठवतंय की तिथे होतं, पेव्हर ब्लॉक टाकले तेव्हा कॉन्ट्रॅक्टरने झाकणावरूनच ब्लॉक बसवले. प्लंबरने शेवटच्या चेंबरकडून उलटी बांबूची पट्टी घातली ती पंधरा फुटांवर अडकली आणि ओढून काढली तर टोकाला बदामाच्या बारीक मुळ्या, केसांच्या गुंत्यासारख्या. आपले पाइप अजून ते जुने चिनी मातीचे, बिल्डिंग 1991 ची, विरारला महानगरपालिका व्हायच्या (2009) कितीतरी आधीची, दोन-अडीच फुटांचे तुकडे सिमेंटने जोडलेले, सांधा जरा तडकला की मुळं ओलाव्याकडे शिरतातच, आणि वरून आता रोज गाड्या जातात, टेम्पो उभे राहतात, लाइन दबलेली पण असेल.

तर काका, आधी पेव्हर काढून ते गाडलेलं चेंबर शोधा. मग जेटिंग, म्हणजे जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने लाइन साफ करणं, पण ऑपरेटरला आधीच सांगायला हवं की पाइप जुना आहे, प्रेशर बेतानं, नाहीतर तडकलेला पाइप फुटायचा. शक्य असेल तर कॅमेरा टाकून बघा. पाइप तुटलेला किंवा बसलेला निघाला तर तेवढाच तुकडा सहा इंची पीव्हीसीने बदलून नीट उतार द्या, अख्खं कंपाउंड खोदायची काही गरज नाही. बिल्डिंगला तीस वर्षं होऊन गेली, स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी, दर तीन वर्षांनी करायचंच आहे, ते करणाऱ्यांनाच ड्रेनेजचा नकाशा पण काढून द्यायला सांगा, आपल्याकडे कोणाकडेच तो नाहीये.

मागच्या मीटिंगला एक जण म्हणाले की तळमजल्यावाल्यांनी आपापलं बघावं. मला फार लागलं ते. पाणी सगळ्यात खालच्या तोंडातून बाहेर येतं म्हणून ते आमच्या घरात येतं, ते आमचं एकट्याचं नसतं. आणि हाउसिंग सोसायट्यांच्या मॉडेल बायलॉजमध्ये (नमुना नियमावलीत) सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायच्या दुरुस्त्यांच्या यादीत ड्रेनेज लाइन आणि सेप्टिक टँक स्पष्ट लिहिलेलं आहे. रिपेअर फंड त्यासाठीच तर जमा करतो आपण.

पावसाळ्याचं वेगळं. गच्चीचा एक पाइप पहिल्या चेंबरमध्ये सोडलाय, जोराचा पाऊस आला की सगळं पाणी मैल्याच्या लाइनीत, तो बाहेरच्या गटाराला जोडून घ्या. आणि रस्त्यावरचा नाला भरला की आउटलेटमधून पाणी उलटं टँकमध्ये शिरतं, तिथे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, बसवता येतो, तो मेच्या आत बसवा. टँकमधला गॅस वर सोडणाऱ्या पाइपाची टोपी पण तुटलीय, पक्ष्यांनी घरटं केलंय त्यात, हवा खेळत नाही म्हणून ट्रॅपमधलं (जाळीखालच्या, वास अडवणाऱ्या वाकड्या भागातलं) पाणी ओढलं जातं आणि मग घरात वास. जे फ्लॅट बंद आहेत त्यांच्या ट्रॅपमधलं पाणी तर सुकूनच जातं, चावी असेल त्यांनी अधूनमधून एक मग पाणी ओतलं तरी पुरे.

घरोघरी पण सांगायला हवं, पॅड, डायपर, ओले वाइप्स संडासात टाकू नका, तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका, आणि तुंबलं की ॲसिडची बाटली ओतायची ती सवय बंद, त्याने टँकमधले जिवाणू मरतात आणि मुळांना काही होत नाही.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. गेल्या वेळी गाळ घट्ट होता म्हणून गाडीबरोबरच्या पोराला "उतर रे आत" असं आपल्यातलंच कोणीतरी म्हणालं. तो उतरला नाही, पण उतरला असता तर? आत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड असतो, आणि तो दुसरा गॅस जास्त असला तर नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो, माणसाला कळतच नाही. वाचवायला उतरणारा पण जातो. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने असं उतरवणं गुन्हा आहे, पहिल्यांदाच दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूची भरपाई 30 लाख केलीय. पण कायदा नसता तरी कोणाच्या घरचं पोर आपण आपल्या घाणीत उतरवायचं नाही. काम मशीननेच करायचं, झाकण उघडून हवा लागू द्यायची, जवळ बिडी-काडी नको, मुलांना लांब ठेवायचं, आणि हे कोटेशन घेतानाच लेखी घ्या.

येत्या मीटिंगच्या अजेंड्यावर हा विषय पहिला घ्या, निदान पेव्हर काढायचं तरी त्याच दिवशी ठरवा. प्लंबर शनिवारी सकाळी यायला तयार आहे, त्या पट्ट्यातल्या गाड्या आदल्या रात्री बाहेर लावाव्या लागतील, तशी नोटीस तुमच्या सहीने लावा म्हणजे कोणी वाद घालणार नाही. चेंबर उघडताना मी खाली थांबेन, फोटो काढून फाइलला लावते.

आपली,
बी विंग, तळमजला