हात धरू का विचारणाऱ्या मॅडमना

मॅडम, नाव टाकू नका म्हणालात म्हणून टाकत नाही, पण सांगली-मिरजेतली ज्यांची पोरं तुमच्याकडं थेरपीला येतात त्यांना दोन ओळीत कळंल कुणाबद्दल चाललंय ते.

आमचं पोरगं १४ वर्षांचं. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या जखमेमुळं उजवी बाजू आखडलेली. हा शब्द आम्हाला ज्यांनी पहिल्यांदा सांगितला त्यांनी फाईलमध्ये बघत सांगितला आणि पुढचा पेशंट बोलवला. नंतर एकानं सहा महिन्यात नॉर्मल करतो म्हणून इंजेक्शनचं पॅकेज गळ्यात मारलं, त्यात बायकोच्या पाटल्या गेल्या. पैशाचं सोडा एकवेळ. पण एका सेंटरला रोज त्याची मूठ जोर लावून उघडायचे, पोरगं किंचाळायचं, आणि मला सांगायचे की रडू दे हो, रडल्याशिवाय हात मोकळा होत नसतोय. मी बाप असून बाहेर बाकड्यावर बसून राहायचो, ते अजून झोपू देत नाही. तिथनंच त्याला हात शर्टाखाली लपवायची सवय लागली. एकदा गणपतीच्या देवळात प्रसाद डाव्या हातानं घेतला म्हणून एक आजी चारचौघात ओरडल्या, त्यानंतर पोरगं देवळातच यायचं बंद झालं.

तुमच्याकडं आलो ते पण मन मारूनच. मी फाईल पुढं केली, तुम्ही ती बाजूला ठेवली आणि सरळ खाली सतरंजीवर त्याच्यासमोर बसलात. स्वतःचा हात उताणा करून गुडघ्यावर ठेवलात आणि त्याला विचारलंत, "तुझा हात धरू का?" त्यानं माझ्याकडं बघितलं. तुम्ही म्हणालात, "बाबांना कशाला विचारतोस, हात तुझा आहे." तो नको म्हणाला. तुम्ही "बरं" म्हणालात आणि खरंच नाही धरलात, त्याच्याशी क्रिकेटवर गप्पा मारत बसलात. मला तेव्हा राग आला होता, आज सांगतो, म्हटलं बाई फी घेणार आणि हातसुद्धा लावणार नाही. तिसऱ्या खेपेला त्यानं शर्टाखालनं हात काढला आणि स्वतःहून तुमच्या हातावर ठेवला. १४ वर्षात त्याच्या त्या हाताला कितीतरी जणांनी ओढलं, दाबलं, वाकवलं, पण विचारलं कुणी नव्हतं. मीसुद्धा नाही.

मग तुम्ही मला समजावलंत की जखम मेंदूत आहे, ती वाढत नाही, पण पोरगं वाढतंय, हाडं लांब होतात आणि आखडलेले स्नायू मागं पडतात म्हणून व्यायाम सोडायचा नाही. आणि नुसती ताकद कमी आहे असं नाही, बऱ्याच पोरांच्या त्या हाताला धरलेलं काय आहे तेच नीट उमगत नाही, म्हणून ग्लास एकतर निसटतो नाहीतर चेपतो. आम्ही एवढी वर्षं धांदरट म्हणून त्याला बोललो! बघणं, ऐकणं, शिवणं सगळं एकत्र लावलं तर मेंदूला जास्त खुणा मिळतात, हे तुम्ही सांगितलंत आणि लगेच हे पण सांगितलंत की यानं सेरेब्रल पाल्सी जात नसते, हात वापरायला थोडा सोपा होईल एवढंच. एवढं खरं आम्हाला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे कळल्यावर तुम्ही भारी थेरपीचं सामान सांगायच्या ऐवजी पिशवीभर हळकुंडं मागवलीत. त्यात शेंगा, बेदाणे, एक रुपयाचं नाणं. डोळे मिटून आधी डाव्या हातानं नाणं शोधायचं, मग उजव्यानं, मग उघड्या डोळ्यांनी बघत परत. पहिले काही आठवडे उजव्या हाताला हळकुंड आणि शेंग एकच वाटायची. घरभर पिवळी बोटं, बायको वैतागलेली. मिरजेला सतारमेकर गल्लीत पण तुम्हीच पाठवलंत, तिथल्या एका कारागिरानं तंबोरा छेडला आणि ह्याला भोपळ्यावर तळवा टेकवायला दिला. हा दचकला, मग म्हणाला, "पप्पा, हाताला ऐकू आलं." तो कारागीर कोण कुठला, पैसे विचारले तर हात जोडले. अशी माणसं आहेत म्हणून चाललंय हो सगळं.

पण खरा डाव रुमालाचा. आमचे आबा खरसुंडीच्या जत्रेत खिलार बैलांचे सौदे करायचे, रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगत, हे मी सहज बोलून गेलो आणि तुम्ही तिथंच रुमाल काढलात. त्याखाली तुम्ही त्याची बोटं दाबायची आणि न बघता त्यानं आकडा सांगायचा, नंतर त्यानं तुमची दाबायची. जोर कमी पडला की तुम्ही म्हणायचा, "शेठ, ऐकू येईना."

अजून थंडीत मूठ आवळतेच, शर्टाची वरची बटणं मीच लावतो, आणि लोक विचारतात बरा झाला का. गेल्या रविवारी आबा आणि तो ओसरीवर बसले होते, मध्ये रुमाल. आबांनी चार बोटं दाबली, ह्यानं विचार करून दोन. आबा ओरडले, "अरं बैल फुकट न्यायला आलायस व्हय रं!" पोरगं हसून लोळायचं बाकी राहिलं, पण उजवा हात रुमालाखालीच.

हळद पाठवतोय, राजापुरी, घरी दळलेली. तेवढा तुमचा रुमाल मात्र मागू नका, आबा देत नाहीत.