यंदाचं वाळवण

प्रिय आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर आई सहज बोलून गेलीस, "यंदा वाळवण नाही गं, गुडघे ऐकत नाहीत." तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय.

सिडकोतल्या घराची गच्ची आठवते. पाडवा झाला की एका पहाटे तू बटाटे सोलायला बसायचीस. किसणीवरून चकत्या थेट पाण्याच्या घमेल्यात. पांढरं पाणी निवळेपर्यंत धुवायच्या, तुरटी फिरवलेल्या पाण्यात ठेवायच्या आणि मग मिठाच्या उकळत्या पाण्यातून काढायच्या. चकतीत नख रुतलं पाहिजे, पण ती मोडता कामा नये, हे बघायचं काम माझं. मग गच्चीवर आजीचं जुनं लुगडं अंथरून एकेक चकती सुटी पसरायची. संध्याकाळपर्यंत कडा वळायच्या, मध्ये मात्र चिवट राहायच्या. मला तळलेल्या वेफर्सपेक्षा या अर्ध्या वाळलेल्याच आवडायच्या. तुला ते कळलेलं होतं. म्हणून तर कोपऱ्यात दहा-बारा जास्तीच्या घालायचीस.

१९९२ मध्ये अंकल चिप्स आले. मी चौथीत होते. मधल्या सुट्टीत ज्याच्या-त्याच्या हातात ते पाकीट. एक दिवस डबा तसाच परत आणला आणि म्हणाले, "असले जाड वेफर्स मला देऊ नकोस." तू डबा उघडलास, त्यातला एक तोंडात टाकलास आणि कणीक मळायला घेतलीस. एक शब्द बोलली नाहीस. आई, त्याचं मला फार वाईट वाटतं. इतक्या वर्षांत कधी म्हटलं नाही, आज म्हणते. चुकलं माझं.

बाबा, तुम्ही पगाराच्या दिवशी कोंडाजीचा चिवडा आणायचात. मी त्यातला तळलेला कांदा वेचून खायचे. तुम्ही रागवायचात, आणि मग स्वतःच्या वाटीतला कांदा निवडून माझ्या वाटीत टाकायचात.

इथे बंगळुरूत खोबरेल तेलात तळलेले केळ्याचे वेफर्स छान मिळतात, लेकीला फार आवडतात. पण ऊन खाल्लेली चकती तिने अजून हातात धरलेली नाही.

म्हणून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघी येतोय. पाच किलो पुरेत. बटाटे बाबांनीच पारखून आणावेत. कोल्ड स्टोरेजमधले नकोत, तळल्यावर लाल पडतात, हे तुम्हीच शिकवलंत. गच्चीच्या खेपा मी घालीन. आई, तू गॅसपाशी खुर्ची टाकून बसायचं. चकतीत नख रुतवून बघायचं काम यंदा नातीकडे, आणि पाण्यातून कधी काढायच्या ते तू तिला सांगायचं.

किसणीला धार लावून ठेवा. आणि आजीचं लुगडं बोहारणीला दिलं नसशील, तर मी येईपर्यंत देऊ नकोस.

तुमची,
मनू