भुलेच्या चार्टवर आकडे कोणी लिहायचे?

महोदय,

मॉनिटरने भुलेची नोंद परस्पर करावी की भूलतज्ज्ञाने हाताने, हा वाद निघाला की 'हाताने लिहिताना लक्ष राहते' हे उत्तर ठरलेले. ते अर्धेच खरे आहे. दर पाच मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब लिहायचा, हा दंडक. पण श्वासनळीत नळी घालताना किंवा एकाएकी रक्तस्राव सुरू झाल्यावर दोन्ही हात रुग्णाकडेच लागतात. मग ती दहा-पंधरा मिनिटे मागाहून आठवून भरली जातात. ८३ चे ८५ होतात, ७८ चा दाब नकळत ९० कडे सरकतो. ज्या वेळी रुग्ण खरोखर डळमळला, नेमका तोच भाग कागदावर गुळगुळीत! १८९० च्या दशकात कुशिंग आणि कॉडमन या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी ईथरच्या भुलेचे चार्ट सुरू केले, तेव्हा नोंदण्याजोगे आकडे मोजकेच होते. आज ते हाताला झेपण्यापलीकडे गेले आहेत.

यंत्र आकड्यांना रंगसफेदी करत नाही, पण समोर येईल ते उतरवते. कॉटरी (विजेने रक्तवाहिन्या डागण्याचे उपकरण) चालू झाली की ईसीजी बिघडतो आणि नाडी भलतीच दिसते. तेव्हा ती ऑक्सिमीटरच्या लाटेवरून घ्यावी. रक्तदाबाचा पट्टा आणि ऑक्सिमीटर एकाच हाताला असतील तर पट्टा फुगताच ऑक्सिजनचा आकडा पडतो. आर्टेरियल लाइन (दाब सतत मोजण्यासाठी धमनीत घातलेली नळी) द्रव सोडून फ्लश केली की दाब ३०० च्या घरात. हे किमान ओळखू तरी येते. खरा फसवा ट्रान्सड्यूसर, म्हणजे त्या लाइनमधला दाब मोजणारा भाग. तो स्टँडवर आहे तिथेच राहिला आणि टेबल १० सेंटिमीटर वर घेतले, तर दाब पाऱ्याच्या सुमारे ७.५ मिमीने जास्त दिसतो. लाट अगदी सुबक असते, त्यामुळे कोणतेही सॉफ्टवेअर ही चूक पकडत नाही.

म्हणून आकडे यंत्राने घ्यावेत आणि चुकीच्या आकड्याशेजारी भूलतज्ज्ञाने तिथल्या तिथे कारण लिहावे: 'कॉटरी', 'लाइनमधून रक्त काढले'. मूळ आकडा पुसण्याची सोय मात्र नसावी. बरीचशी औषधे तरीही हातानेच नोंदवावी लागतात, त्यामुळे मॉनिटर आणि नोंदप्रणालीची घड्याळे रोज सकाळी जुळवायला हवीत. तीन मिनिटांचा फरक असला तर दाब आधी वाढलेला आणि तो वाढवणारे औषध नंतर दिलेले दिसते. नेटवर्क कधीही बंद पडते. कोरा कागदी चार्ट टेबलाजवळ असू द्यावा.

– एक भूलतज्ज्ञ