दहा वर्षांचाच राहिलेला बार्ट

प्रिय अनिरुद्ध,

सप्रेम नमस्कार.

'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेतील विसंगतींची तू पाठवलेली यादी सावकाश वाचली. सगळ्या चुका तू एकाच पारड्यात टाकल्या आहेस, हे मात्र मला पटले नाही. 1990 मधील एका भागात धनाढ्य बर्न्सचा सहायक स्मिदर्स कृष्णवर्णीय दिसतो आणि पुढे पिवळा होतो, ही रंगकामातली निव्वळ चूक आहे. तिच्यावर शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

सिम्पसन कुटुंबाचा बाप होमर याच्या तारुण्याचे प्रकरण निराळे आहे. 1991 च्या आरंभी दाखवलेल्या भागात होमर आणि त्याची पुढे बायको होणारी मार्ज 1974 साली, शाळेच्या शेवटच्या वर्षात भेटतात. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या भागात, अजून लग्न न झालेला होमर तिच्यासोबत 'स्टार वॉर्स' मालिकेतला 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' पाहून बाहेर पडतो आणि डार्थ व्हेडर हाच ल्यूकचा बाप निघाल्याचे नवल इतक्या मोठ्याने करतो, की पुढच्या खेळासाठी रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांच्या तिकिटाच्या पैशांवर पाणी फिरते. हा विनोद जाता जाता साल सांगून जातो. चित्रपट 1980 चा, त्याच रात्री मार्जला दिवस राहतात, म्हणून 1991 मध्ये त्यांचा मुलगा बार्ट दहा वर्षांचा. हिशेब चोख!

घोटाळा नेमका इथूनच सुरू होतो, कारण बार्टचे वय पुढे सरकत नाही आणि चित्रपटाचे साल कुणाला हलवता येत नाही. 2008 पर्यंत तो चांगला सत्तावीस वर्षांचा घोडा व्हायला हवा होता. म्हणून त्या वर्षीच्या एका भागात लेखकांनी होमरचे तारुण्यच उचलून नव्वदच्या दशकात नेले, त्याला 'सॅडगॅझम' नावाचा ग्रंज (नव्वदच्या दशकातला एक रॉक प्रकार) बँड काढून दिला आणि मार्जला विद्यापीठात पाठवून एका प्राध्यापकाच्या प्रेमात पाडले. तो भाग मलाही फारसा रुचत नाही, पण विसंगतीमुळे नव्हे. शाळेतल्या भेटीत जी माया आहे ती त्या टवाळीत उतरलेली नाही. ज्या संदर्भांना आपण दोघे भरभरून दाद देतो, तेच अशा विसंगतींचे मूळ आहेत. पात्रांच्या पूर्वायुष्यात एकही ओळखीचा चित्रपट किंवा गाणे नसते, तर त्यांची वये मोजायला कुणाला आधारच मिळाला नसता.

उलट, 1993 मध्ये 'सिटिझन केन' या जुन्या चित्रपटाची चौकट घेऊन रचलेला बर्न्सच्या 'बोबो' अस्वलाचा भाग पाहा. तिथे उसनवारी कथानकाची आहे, सालाची नाही, त्यामुळे तो भाग कधीही पाहिला तरी खटकत नाही.

बार्टच्या शाळेचे मुख्याध्यापक स्किनर तोतया असल्याचे 1997 मध्ये उघड होते आणि या गोष्टीचा पुन्हा उच्चार करणाऱ्याचा छळ होईल, असे न्यायाधीश शेवटी फर्मावतात. याला चूक कसे म्हणणार? त्याच वर्षीच्या आणखी एका भागात एक चाहता मालिकेतल्या 'इची आणि स्क्रॅची' या कार्टूनला आवाज देणाऱ्या जून बेलामीला गंभीरपणे विचारतो, की स्क्रॅचीची एकच बरगडी दोनदा वाजवली असता दोन वेगळे सूर कसे निघाले. तुझी यादी वाचताना मला तोच आठवला, रागावू नकोस.

बर्न्स कधी 81 वर्षांचा, तर कधी 104 वर्षांचा असतो, ही तुझी नोंद मला बिनतोड वाटते. बाकीच्या नोंदींमधून एखाद्या चित्रपटामुळे किंवा गाण्यामुळे उद्भवलेल्या तेवढ्या निराळ्या काढून पाठव. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
श्रीधर