बर्डीवरच्या त्या अनोळखी माणसांना

गेल्या आठवड्यात नागपूरच्या सीताबर्डीच्या मेन रोडवर बाबा एकाएकी कोसळले. हाकेला ओ नाही, श्वास नाही. मी थिजूनच गेले. पाठीवर कॉलेजची बॅग असलेल्या एका मुलीनं मला बाजूला सारलं, बाबांच्या छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवला आणि दाबायला लागली. मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर वेळी निदान ५ सेंटीमीटर खोल. ती थकली तेव्हा एक ऑटोवाले दादा खाली बसले. ती मोठ्यानं आकडे मोजत राहिली. हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरत होते, रक्त पुढे ढकललंच जात नव्हतं, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. हृदय ठिकाणावर आणणारा विजेचा शॉक मिळेपर्यंत बाबांच्या मेंदूला रक्त पोचवलं ते तुमच्या हातांनी. १०८ ला फोन लावणारे काका, उन्हात ओढणी धरून उभ्या राहिलेल्या ताई, तुमची नावंसुद्धा विचारली नाहीत मी. मनापासून आभार. बाबांनी काल स्वतःहून चहा मागितला.