येरवड्याचं तिकीट, कोर्टाच्या खेपा आणि शाळेची दप्तरं : सोलापूरकरांना आवाहन

नमस्कार सोलापूरकरहो,

आमच्या गल्लीतली एक बाई दोन महिन्यांतून एकदा सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला जाते. नवरा येरवड्याला आहे. आदल्या रात्री सूप मांडीवर घेऊन बारा-एकपर्यंत विड्या वळत बसते, कारण उद्याचा खाडा आजच भरून काढायचा असतो. घाईच्या विड्या, त्यामुळे छाटही (नापास होणाऱ्या विड्या) जास्त निघते. अडीचशे किलोमीटर जायचं, आधार दाखवायचं, रांगेत थांबायचं, काही मिनिटं बोलायचं आणि रात्रीपर्यंत परत. मागच्या खेपेला विचारलं, काय बोलणं झालं? म्हणाली, "गॅस आहे का विचारले. आहे म्हटलं." संपलेला होता.

ती ज्या गाडीने जाते तिचं नाव ज्यांच्यावरून पडलं, त्या मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी याच येरवड्यात फाशी दिली. तुलना करत नाही. हिचा नवरा हुतात्मा नाही. पाण्याच्या भांडणात त्याने शेजाऱ्याचा हात कायमचा अधू केला. न्यायालयाने शिक्षा दिली, ती योग्यच. पण त्याची पोरं शाळेत "बाप भिवंडीला मागावर गेलाय" असं सांगतात, आणि ते खोटं त्यांना घरच्यांनीच पाठ करून दिलंय.

आमचं मंडळ दोन वर्षांपासून अशा घरांसाठी जमेल तेवढं करतंय. मिरवणुकीतला डॉल्बी बंद केला, त्या पैशातून सुरुवात झाली. (त्याबद्दल पोरांच्या शिव्या अजून खातोय.) आता वर्गणी पुरत नाही, म्हणून हे आवाहन.

सगळ्यात जास्त अडतं ते जामिनाच्या कागदांवर. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत दर चारपैकी तीन माणसं कच्चे कैदी होती, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. त्यातल्या काहींचा जामीन मंजूर असतो, पण ऐपतदार जामीनदार नाही, भरायला रक्कम नाही. सोयी नाहीत असं नाही. कोठडीतल्या कोणालाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. १५१०० वर फोन करता येतो. गरीब बंदींच्या जामिनासाठी आणि दंडासाठी मदत देणारी केंद्राची योजना २०२३ पासून आहे. आधी कुठल्याच गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर नव्या कायद्याच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ४७९ खाली त्याला जामिनावर सोडण्याची तरतूद आहे; फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले यातून वगळलेत. पण हे सांगायला आणि अर्ज हातात घेऊन हेलपाटे घालायला घरात माणूस लागतो. घरात असते सत्तर वर्षांची आई, जिला मराठीपेक्षा तेलुगू बरी येते. आम्हाला अशी माणसं हवीत जी आठवड्यातली एक सकाळ तिच्यासोबत कोर्टात काढतील. स्वतः जामीनदार व्हा असं आम्ही कोणालाच म्हणत नाही. त्यातली जोखीम आम्हाला कळते.

"गुन्हेगारांची वकिली कशाला करता?" हे आम्हाला दर आठवड्याला ऐकावं लागतं. म्हणून सांगतो, हात अधू झालेल्या त्या शेजाऱ्याकडे आम्ही आधी गेलो. त्याचं लूमवरचं काम सुटलंय. पीडितांना नुकसानभरपाईसाठी विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तो अर्ज आम्ही भरून दिला. केस मागे घ्या म्हणून आम्ही कोणाच्या दारात जात नाही, जाणारही नाही. चार महिन्यांनी तो स्वतःच म्हणाला, येरवड्यातल्याच्या आईला भेटतो. दोघं मंडळाच्या खोलीत बसली. चहा गार झाला तरी कोणी बोलेना. शेवटी म्हातारीने त्याचा हात उचलून बघितला आणि विचारलं, "थंडीत दुखतो काय?" त्या दिवशी एवढंच झालं. माफी वगैरे कोणी मागितली नाही, आम्हीही कोणाला मागायला लावली नाही. पण गल्लीतल्या नळावर आता दोन्ही घरच्या बायका एका वेळी उभ्या राहतात.

दुसरं एक ऐकू येतं, "वळण रक्तातच असतं." निदान सोलापुरात तरी हे कोणी बोलू नये. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना इंग्रजांनी इथल्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवलं होतं, आणि तो गुन्हेगार जमाती कायदा जायला ऑगस्ट १९५२ उजाडावं लागलं. त्या कुंपणाआड जन्मलेल्यांची नातवंडं आज आपल्या शेजारी राहतात.

तर, पैसे हवेत. महिन्याला शंभर रुपये दिलेत तरी चालतील. रोख रक्कम आम्ही कुणाच्या हातात देत नाही; तिकीट काढून देतो, फी शाळेत भरतो, आणि हिशेब दर महिन्याला मंडळाच्या फलकावर लिहितो. चालू स्थितीतला जुना स्मार्टफोन असेल तर जरूर द्या. ई-मुलाखतीमुळे (कैद्याशी व्हिडिओ कॉलवर भेट) येरवड्याची एखादी खेप वाचते, पण त्या घरांत बटणाचे फोन आहेत. आई-बाप तुरुंगात असलेल्या मुलांना बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. त्याचे कागद जुळवायला निवृत्त शिक्षक किंवा कारकून मंडळी आली तर फार बरं होईल. तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारं कोणी आलं तर त्याहून बरं.

मंडळाची खोली रोज संध्याकाळी सहा ते आठ उघडी असते. शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, त्याआधी या. दप्तर देणार असाल तर मात्र नवंच द्या. त्या पोरांकडे वर्गात आधीच सगळे बघत असतात.